अख्ख्या पडेगावचा पत्ता एकच

आमच्या धंद्यात माणूस वायरीपेक्षा किस्सेच जास्त ओढतो. वायर किती गेली ते ऑफिसात सांगावं लागतं, किश्श्यांचं कुणी विचारत नाही, म्हणून ते साठत जातात. परवा शकीलभाई भेटले. एक चहा घेऊ म्हणून बसलो आणि एवढ्या आठवणी निघाल्या की शेवटी चहावाल्यानं आमच्या खालचं बाकडं मागितलं. त्यातले सांगण्यासारखे तेवढे सांगते. बाकीचे शकीलभाईंकडे मिळतील!

आधी काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर गंमत कळायची नाही. औरंगपुऱ्यात आमचं छोटं ऑफिस होतं. आम्ही गल्लोगल्लीच्या केबलवाल्यांना इंटरनेट पुरवायचो आणि ते पुढे घरोघरी द्यायचे. इंटरनेटवर प्रत्येकाला एक पत्ता लागतो, घराला नंबर असतो तसा. जुन्या पद्धतीचे, म्हणजे व्हर्जन फोरचे पत्ते संपत आले होते, म्हणून केबलवाले शेकडो घरं एकाच पत्त्यावर चालवायचे. नव्या पद्धतीत, म्हणजे व्हर्जन सिक्समध्ये, पत्ते वाटून संपणार नाहीत इतके. घराला काय, घरातल्या प्रत्येक मोबाईलला स्वतंत्र! हे केबलवाल्यांच्या गळी उतरवणं माझं काम आणि मशीनं जोडणं शकीलभाईंचं. थोड्याच दिवसांत बाजारात आमचं नाव पडलं. मी गल्लीत स्कूटी वळवली की कुणीतरी ओरडायचं, "सिक्सवाल्या मॅडम आल्या, शटर ओढा!"

वर्षं दुष्काळाची होती. नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसायचं, आणि शहराच्या कडेला नवे लेआउट मात्र रोज पडायचे.

*

पहिली मीटिंग ऑफिसातच झाली. आमच्या साहेबांना भाषणाची हौस. त्यांनी सगळ्या केबलवाल्यांना जमवलं, चेहरा गंभीर केला आणि म्हणाले, "मित्रांनो, जगातले पत्ते संपलेले आहेत!"

मग पडेगावचे रावसाहेब शेळके उठले. घर मूळचं मेंढरांचं, दौलताबाद रोडला शहर सरकलं तशी यांनी मेंढरं विकून केबल टाकली. आवाज अजून माळावरचाच होता.

"साहेब, पाणी संपलं हे कळलं. पत्ते कसे काय संपले? आमच्या मागं रोज एक नवी कॉलनी उभी राहायलीय!"

साहेबांनी मग फायदे सांगायला घेतले. पुढच्या काळात हे होईल, ते होईल, भविष्य उज्ज्वल आहे.

"भविष्य तर नगर नाक्यावरचा पोपटवाला बी सांगतो," रावसाहेब म्हणाले, "पण त्यो मशीन बदलायला लावत नाय!"

मी विषय सावरायला फळ्यावर नव्या पद्धतीचा एक पत्ता लिहून दाखवला. आकडे, अक्षरं, मध्ये दोनदोन टिंबं, फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला. शकीलभाई आमच्याच कंपनीचे, आमच्याच पगारावरचे. ते मागून मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, इत्ता लंबा तो मेरा निकाहनामा बी नै था!"

मीटिंग तिथं संपली.

*

मी समजावून थकले तेव्हा शकीलभाई म्हणाले, "मॅडम, आप रहने दो. मैं करता."

जुन्या शहरात दोन सख्खे भाऊ होते, दोघंही केबलवाले. गल्लीची डावी बाजू एकाची, उजवी दुसऱ्याची. वडील गेल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. शकीलभाईंनी थोरल्याला सांगितलं, धाकट्यानं सिक्स घेतलं. धाकट्याला सांगितलं, थोरल्यानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी दोघंही तणतणत आमच्या ऑफिसला आले. एक जिना चढत होता, दुसरा उतरत होता.

"तू बी लिया?"

"मैं कां लिया? तू लिया ना?"

दोघांनी जिन्यावरच आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि एकाच मोटारसायकलवर बसून घरी गेले. त्या दिवशी त्यांच्या घरी बिर्याणी झाली. पुढच्या ईदला दोघांनी मिळून शकीलभाईंना शीरखुर्म्याला बोलावलं, अजूनही बोलावतात. सिक्स मात्र दोघांनीही घेतलं नाही.

*

न मागता आलेलं गिऱ्हाईक एकच, फर्दापूरचं. अजिंठ्याची लेणी बघायला येणारे पाहुणे तिथं उतरतात. तिथल्या एका लॉजच्या मालकाचा फोन आला. "मॅडम, सिक्स हाय का तुमच्याकडं? अर्जंट पायजे!"

मला वाटलं माझेच कान वाजताहेत. विचारलं, कशाला हवंय?

झालं होतं असं. परदेशी पाहुणा उतरला होता, कॉम्प्युटरवाला असावा. त्यानं काउंटरवर विचारलं, तुमच्याकडे व्हर्जन सिक्स आहे का? आता लॉजवाल्यांची एक रीत असते, पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. गरम पाणी असो, गाईड असो, जळगावची टॅक्सी असो, उत्तर ठरलेलं: "सकाळी मिळंल." मालकानं तेच सांगितलं होतं.

आम्ही गाडी काढून तडक फर्दापूरला गेलो. रस्ता खोदलेला, धुळीनं शकीलभाईंची दाढी पांढरी झाली. मशीन जोडलं, सगळं चालू झालं आणि मी विचारलं, "कुठंय तुमचा पाहुणा?"

"त्यो व्हय? त्यो गेला की सकाळीच."

पुढच्या वेळी गेलो तर काउंटरच्या मागं पाटी होती: "शुद्ध शाकाहारी जेवण, चोवीस तास गरम पाणी, व्हर्जन सिक्स." मी मालकाला विचारलं, कुणी मागतं का? म्हणाले, "मागत कुणी नाय. पण गरम पाणी तरी कुठं हाय?"

*

साहेबांना मात्र रावसाहेब हवे होते. रावसाहेबांनी एखादी गोष्ट केली की बाकीचे केबलवाले डोळे झाकून करायचे. आणि खरं सांगायचं तर गरज रावसाहेबांनाच होती. एका मोठ्या कंपनीनं पडेगावात खांब रोवायला सुरुवात केली होती. रावसाहेबांचं नेट रखडायचं, गिऱ्हाईकं कुरकुरायची. एक गल्ली गेली की दुसरी जाणार हे त्यांना दिसत होतं. एकदा सहज म्हणाले, "मॅडम, हे बी गेलं तर मेंढरं परत घ्यावी म्हणतो. पण चारा कुठंय?" मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं.

शेवटी एका गल्लीपुरते ते तयार झाले. आम्ही त्यांना नव्या पत्त्यांचा मोठा साठा दिला. "किती हायेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "रावसाहेब, मोजू नका. तुमच्या नातवंडांनी वाटले तरी संपणार नाहीत."

आठवड्यानं बघायला गेलो. अर्ध्या गल्लीत सिक्स चालू, अर्ध्या गल्लीत बंद. शकीलभाईंनी सगळ्या वायरी तपासल्या, काही सापडेना. मग रावसाहेबांनीच सांगितलं, "बिघाड नाय वो. आज डावी बाजू हाय. उजवीला उद्या सोडणार."

"अहो पण कशाला? पत्ते संपणारच नाहीत!"

रावसाहेबांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं.

"मॅडम, जायकवाडीचं पाणी संपणार नाय, असं बी म्हणले होते."

काही दिवसांनी त्यांनी दोन्ही बाजू बंद केल्या. विचारलं तर म्हणाले, "पाऊसपाणी कसं होतं ते बघू, मग ठरवू."

पाऊस झाला नाही.

*

उन्हाळ्यात एका ट्रस्टनं शहराच्या कडेच्या कॉलन्यांना फुकट टँकर द्यायचं ठरवलं. नोंदणी वेबसाइटवर. कुणी दोनदोन टँकर उपटू नयेत म्हणून साइटला नियम घातला होता: इंटरनेटच्या एका पत्त्यावरून दिवसाला एकच टँकर. ज्यानं हा नियम केला त्यानं बहुतेक कधी हंडा घेऊन रांग धरली नसावी.

रावसाहेबांची सगळी घरं एकाच पत्त्यावर. सकाळी सगळ्यात आधी बटण दाबणाऱ्याला टँकर मिळायचा. बाकी अख्ख्या पडेगावाला साइट सांगायची, "आपल्या पत्त्यावरून आजचा टँकर नोंदवला आहे." मोबाईलची रेंज म्हणावी तर त्या भागाला टॉवरच नव्हता, गच्चीवर जाऊनसुद्धा सिग्नलची एखादीच काडी यायची.

लोकांना पत्त्याचं गणित काय माहीत? त्यांना एवढंच दिसलं की रावसाहेबाचं नेट घेतलं की टँकर येत नाही. तिथल्या एका गल्लीत जाधव वहिनींचा शब्द चालायचा. त्या थेट रावसाहेबांच्या दारात गेल्या.

"भाऊ, तुमच्या मुळावर यायचं नाय मला. पण सासूबाई आजारी, घरात पाणी नाय. त्या खांबवाल्या कंपनीच्या माणसाला सोमवारी बोलावलंय. आख्खी गल्ली जाणार."

रावसाहेब तसेच आमच्या ऑफिसला आले. चहा घेतला नाही, पोपटवाल्याची आठवण काढली नाही.

"मॅडम, सोडा ते तुमचं सिक्स. डावं-उजवं काय नको. सगळं सोडा!"

ट्रस्टची साइट नव्या पद्धतीवर आधीच चालत होती, तिकडचा प्रश्न नव्हता. मी आणि शकीलभाई रविवारभर पडेगावात होतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांना सिक्स लागलं. रावसाहेब प्रत्येक खांबाखाली उभे राहून वर बघत होते.

*

आता शेवटचा. हा सांगताना शकीलभाई उभे राहतात, मी बसूनच सांगते.

सोमवारी सकाळीच साहेबांनी क्रांती चौकाजवळ हॉल घेऊन सगळ्या केबलवाल्यांना जमवलं. रावसाहेबांचा अनुभव त्यांच्याच तोंडून ऐकवायचा म्हणून! रावसाहेबांना यायचंच नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष पडेगावात, कंपनीचा माणूस त्याच सकाळी यायचा होता. साहेबांनी गाडी पाठवून आणवलं.

रावसाहेब माईकपुढे उभे राहिले आणि खिशातला फोन चाचपत राहिले. मागून एक जण ओरडला, "काय रावसाहेब, गिऱ्हाईकं हायेत का गेली?" हॉल हसला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि चेहरा उतरला. मी शेजारीच होते, मलाही दिसलं: जाधव वहिनी. त्यांनी फोन कापला. परत वाजला. परत कापला. परत वाजला.

साहेबांना कुठून सुचलं कोण जाणे. "गिऱ्हाईकाचा फोन आहे ना? सगळ्यांना ऐकू द्या!" म्हणत त्यांनी फोन हातातून घेतला, स्पीकर चालू केला आणि माईकला लावला. रावसाहेबांनी फोन परत घ्यायला हात पुढे केला. मी शकीलभाईंकडे बघितलं, ते दाराकडे बघत होते.

"रावसाहेब भाऊ!" वहिनींचा आवाज हॉलभर घुमला. "अहो, तुमचं नेट जरा बंद करा वो!"

"काहून वहिनी?" रावसाहेब माईकजवळ वाकले. "चालंना का?"

"लई चालायलंय! माझ्या फोनवरून एक टँकर आला, ह्यांच्या फोनवरून एक आला, पोरीनं टीव्हीवरून तिसरा बोलावला. शेजारी बी तेच करायलेत! हौद भरला, ड्रम भरले, सासूबाईंची आंघोळ झाली, कुत्र्याची बी झाली. गल्लीत टँकरच टँकर, अन् मागचे ड्रायव्हर हॉर्न देऊन डोकं उठवायलेत!"

"अन्... त्यो कंपनीचा माणूस?"

"त्यो सकाळधरनं नाक्यावर थांबलाय. टँकरमुळं त्याची गाडीच आत येईना!"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मग मघाशी ओरडलेला मागच्या रांगेतला तोच जण उठून पुढे आला आणि हळूच मला म्हणाला,

"मॅडम, आमच्या गल्लीत आज संध्याकाळी जमंल का?"