काट्याची मागची बाजू

गेल्या महिन्यात फोन आला तेव्हा मी सिल्लोडच्या मोंढ्यात उभा होतो. माझ्या मक्याची पोती काट्यावर चढलेली होती. आता मोंढ्यात विजेवरचे काटे आलेत, लाल आकडे आपोआप उमटतात, तोलणाऱ्याला तोंड उघडायचंसुद्धा काम राहिलेलं नाही. फोनवर सुमनवहिनी होत्या. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि पेपर हातात देईपर्यंत… मी "निघालोच" म्हटलं आणि तिथंच उभा राहिलो. आडत्याचा माणूस म्हणाला, "काका, आकडा बघून घ्या ना." मी बघितला, पण काय होता ते आज विचाराल तर सांगता यायचं नाही. सारा जन्म आकडे वाचण्यात गेला माझा, आणि त्या दिवशी एक आकडा डोक्यात शिरला नाही.

किसन म्हणजे आमचा बॉक्सर. बॉक्सर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं दंड आणि छाती येते. किसनला पहिल्यांदा भेटणारा माणूस त्याच्या पाठीमागं डोकवायचा, बॉक्सर कुठाय म्हणून. तो सगळ्यात हलक्या गटात लढायचा, सत्तेचाळीस किलो सहाशे ग्रॅमच्या आतल्या. त्याच्या खाली गटच नाही. फुलंब्रीजवळच्या वस्तीवरचं धनगराचं पोर, मेंढरांमागं चालून चालून पाय तयार झालेले, आणि अंगावर मांस म्हणाल तर नावाला. चिकलठाण्याला कारखाने वाढत होते त्या काळात तो लेथवर लागला आणि मी त्याच कारखान्यात स्टोअरला. त्याआधी सात वर्षं मी सिल्लोडला एका आडतीवर कापूस तोलायचो, म्हणून मी त्याचं नाव तोळ्या ठेवलं होतं. तो म्हणायचा, "तोळ्यानं सोनं मोजत्यात बाळू, कापूस नाय." मुकुंदवाडीला आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या लागून लागून होत्या. एकीत तो आणि सुमनवहिनी, दुसरीत मी. जेवायला मी त्यांच्याकडंच असायचो, आणि तो उपाशी असला की माझ्या ताटाकडं पाठ करून बसायचा.

त्याला बॉक्सिंग शिकवलं खरात सरांनी. सर फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, विद्यापीठाच्या रस्त्याला एका जुन्या गोदामात त्यांनी दोरखंड बांधून रिंग केली होती. वाळूची दोन पोती टांगलेली, एक काटा, एक शिट्टी, बाकी सगळा आवाज सरांचा. किसन पुढं घुसून मारायचाच नाही. समोरच्याच्या भोवती तिरका तिरका फिरायचा, त्याला कोपऱ्यात नेऊन उभं करायचा आणि मग दोन-तीन ठोसे टाकून बाजूला. सर म्हणायचे, "हे मी शिकवलेलं नाही. कुठून आणलंस?" तर हा म्हणतो, "मेंढी वळवायची तर अंगावर जायचं नसतंय सर. बाजूनं जावं लागतं." जिल्हा झाला, राज्य झालं, आणि मग मुंबईत पैसे घेऊन लढायचे सामने सुरू झाले तेव्हा तिथंही गेला. धंदेवाईक बॉक्सर म्हणून तो एकूण नऊ सामने लढला. कारखान्यातले साहेब लोक त्याला रजा द्यायचे, पण प्रत्येक वेळी विचारायचे, खरंच तूच लढतो का?

हे सगळं ज्या वर्षांत चाललं होतं ती वर्षं नामांतराची. विद्यापीठाच्या नावाचा तो वाद आमच्या अख्ख्या तरुणपणाला पुरला. सुरुवातीला गावोगावी दलितांची घरं जळाली, पुढं मोर्चे, बंद, लाठ्या, पुन्हा शांतता, पुन्हा मोर्चे. खरात सर दलित, नामांतरवादी, मोर्च्यात पहिल्या रांगेत. आमच्या घरचा कल दुसरीकडं होता, तो मी आता कशाला लपवू? वडील म्हणायचे, शहरात राहतोस, पण त्या गोदामाकडं फिरकू नकोस. मी फिरकायचो, पण घरी सांगायचो नाही. किसनचं तसं नव्हतं. त्याचा थोरला भाऊ लक्ष्मण एकदा वस्तीवरून मुद्दाम आला आणि म्हणाला, "त्या माणसाकडं जायचं बंद कर, लोक नावं ठेवायलेत." किसन भाकरी मोडत म्हणाला, "दादा, मला शिकवायला दुसरं कोण आलं व्हतं का?" लक्ष्मणदादा न जेवता उठला. सुमनवहिनींनी त्याची भाकरी फडक्यात बांधून दिली, ती मात्र घेऊन गेला.

किसनच्या सगळ्यात मोठ्या सामन्याच्या आधी पुन्हा वातावरण तापलं. मुंबईला सहा फेऱ्यांची लढत ठरली होती आणि जिंकणाऱ्याला पुढच्या लढतीसाठी बँकॉकला नेणार होते. बँकॉक! आम्ही कधी नागपूर बघितलं नव्हतं. पण शहरात बंद, संचारबंदी, आणि सरांचं गोदाम तीन आठवडे कुलूपबंद. सराव तो खोलीमागच्या मोकळ्या रानात करायचा, पण वजन कुठं करणार? मला वाटलं, आपण असताना वजनाची काय चिंता. माझ्या जुन्या आडतीवर एक फळीचा काटा अडगळीत पडलेला होता, तो मी टेम्पोत टाकून आणला आणि आमच्या ओट्यावर मांडला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खाली चौकोनी लोखंडी फळी, पुढं खांब, खांबावर आडवी पितळी दांडी आणि दांडीवर सरकतं वजन. आकडे दांडीच्या एकाच बाजूला कोरलेले, तोलणाऱ्याच्या. फळीवर जो उभा राहील त्याला दांडीची नुसती पाठ दिसते. पोत्याला कुठं आकडे वाचायचे असतात?

रोज सकाळी किसन चड्डीवर फळीवर उभा राहायचा आणि मी समोरून वजन सरकवत पुकारायचो, मोंढ्यात पुकारायचो तसाच, मोठ्यानं. सुमनवहिनी आतून ऐकायच्या आणि त्या हिशोबानं भाकरी थापायच्या, अर्धी की पाव. शेवटच्या आठवड्यात त्यानं पाणीसुद्धा मोजून प्यायलं. निघायच्या सकाळी मी पुकारलं, "सत्तेचाळीस सहाशे!" तो खाली उतरला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. एसटीत मी त्याच्या शेजारी बसलो होतो, सर मागच्या बाकावर. अख्ख्या प्रवासात त्यानं तोंडात काही घातलं नाही. चूळ भरायचा आणि खिडकीतून थुंकायचा.

मुंबईत सामन्याच्या सकाळी वजन झालं. तिथला माणूस काट्याकडं बघून म्हणाला, "आधा किलो ज्यादा है." सरांनी दुसऱ्यांदा बघायला लावलं. आधा किलो ज्यादा. दोन तासांची सवलत मिळाली. दोन स्वेटर घालून किसन गच्चीवर उन्हात दोरीवरच्या उड्या मारत राहिला, सर शिट्टीशिवाय नुसते उभे, आणि मी टाकीच्या सावलीत बसून त्या मुंबईच्या काट्याला शिव्या देत होतो. वजन उतरलं. पण संध्याकाळी रिंगमध्ये जो उतरला तो आमचा किसन नव्हताच. तीन फेऱ्या कशाबशा निघाल्या, चौथीत पाय जड झाले, आणि पाय गेले की किसनकडं उरतं काय? पडला नाही, एकदाही पडला नाही, पण गुणांवर हरला. हातावरची पट्टी सोडताना सरांनी विचारलं, "खाल्लं होतंस का काही?" किसननं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "व्हय सर. चुकलं. गाडीत केळी खाल्ली." मी ऐकत होतो. मला वाटलं, ग्लानीत बोलतोय.

परत आल्यावर आठवड्याभरानं, घरात कुणी नसताना, माझ्या मनानं घेतलं की आपला काटा तर बिघडलेला नसेल. स्टोअरमधून वीस किलोचं शिक्क्याचं वजन आणलं, फळीवर ठेवलं, दांडी सरळ केली आणि सवयीनं पुकारलं, "साडेएकोणीस!" …आणि पुन्हा दांडीकडं बघितलं. दांडीवर वीस होते. बरोबर वीस. काट्यात कसर नव्हती, कसर माझ्या जिभेत होती. आमच्या मोंढ्यात तेव्हा कडता चालायचा. कापसात ओल असते, धूळ असते, पोत्याचं वजन असतं, असं म्हणत दर तोलामागं अर्धा किलो सोडून आकडा पुकारायचा. काटा सव्वीस दाखवतो, तोलणारा साडेपंचवीस म्हणतो, लिहिणारा तेच लिहितो. शेतकरी समोर उभा असतो, त्यालाही ठाऊक असतं, कुणी काही बोलत नाही. सात वर्षं मी तेच केलं होतं. तोच काटा, तीच दांडी समोर आली आणि माझ्या तोंडानं किसनलाही कडता लावला. रोज, तीन आठवडे.

हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कारण तोवर वस्तीवर आणि आमच्या गावाकडंही एकच बोलणं सुरू झालं होतं, की त्या खरातनं मुद्दाम पोराचं वजन चुकवलं, आपल्या माणसाला वर जाऊ द्यायचं नव्हतं त्याला. लक्ष्मणदादा तर चारचौघांत बोलला. किसन सांगून सांगून थकला की केळी मी खाल्ली, पण लोकांना जे मानायचं होतं ते त्यांनी मानलं. माझे वडील मला म्हणाले, "बघ, सांगत नव्हतो?" मी मान हलवली नाही, पण नाही असंही म्हटलं नाही. सर पुढं कितीतरी वर्षं रस्त्यात भेटले की विचारायचे, "काय बाळासाहेब, काटा बरोबर आहे ना?" आणि मी हसायचो. विद्यापीठाचं नाव बदललं त्या दिवशी किसन त्यांना पेढे द्यायला गेला, मी दारापर्यंत जाऊन परत आलो. सर गेले तेव्हाही मी खांदा दिला आणि गप्प राहिलो.

बँकॉक पुन्हा आलं नाही. किसन अजून तीन सामने लढला, मग थांबला. पुढं वाळूजला दुसऱ्या कारखान्यात लागला, घर बांधलं, संध्याकाळी सरांच्याच गोदामात पोरं शिकवू लागला. काटा त्यानं माझ्याकडून मागून घेतला आणि घराच्या ओट्यावर ठेवला. मी स्टोअर सोडून सिल्लोडला शेती बघायला परतलो तरी महिन्यातून एक चक्कर व्हायची, आणि गेलं की ठरलेलं, "चल बाळू, तोल." त्याचे केस पांढरे झाले, पण अंगाचं पोतं काही भरलं नाही. मी डोळे ताणून नीट वाचायचो, ग्रॅमपर्यंत, आणि पुकारायचो. तो फळीवर उभा राहून माझ्याकडं बघत मान डोलवायचा. मला वाटायचं, आपलं गुपित आपल्यापाशी आहे.

तेराव्याला सगळे पांगल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, काटा तुम्ही घेऊन जा. इथं आता कोण उभं ऱ्हाणार?" मी ओट्यावर आलो. काय वाटलं कोण जाणे, चपला काढल्या आणि फळीवर चढलो. इतक्या वर्षांत त्या बाजूनं मी कधी उभा राहिलो नव्हतो. समोर दांडीची पाठ. आणि पाठीवर कानशीनं पाडलेल्या खुणा होत्या. किसनच्या वाकड्या अक्षरात, लेथवाल्याच्या नेमक्या हातानं, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस… आणि सत्तेचाळीसच्या पुढं एक खोल रेघ, सहाशे ग्रॅमची.

"हे कधी केलं त्यानं?" मी विचारलं.

वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या. "मुंबैहून आल्यावर तिसऱ्या दिवशी. कानस घेऊन बसले व्हते. म्हनलं काय करायलात, तर म्हणाले, बाळूला कडत्याची सवय हाय, मागून बघितलेलं बरं."

तिसऱ्या दिवशी. म्हणजे मी वीस किलोचं वजन आणलं त्याच्याही आधी. धनगराचं पोर, बापाबरोबर मोंढ्यात कितीदा उभं राहिलेलं, त्याला माझ्या आधी कळलं होतं. मी कसंबसं विचारलं, "आणि सर?"

"सरांना ह्यांनी तवाच सांगितलं व्हतं. सर म्हणाले, काटा त्याच्याच हाती ऱ्हाऊ दे. आता लई नीट बघंल तो."

मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही झालं. त्या दोघांनी मला आयुष्यभर सांभाळून घेतलं, आणि मी त्यांतल्या एकाचं नाव खराब होत असताना बघत बसलो. म्हणून हे इथं, चारचौघांत लिहितो आहे. किसननं केळी खाल्ली नव्हती. खरात सरांची काही चूक नव्हती. वजन मी चुकवलं. लक्ष्मणदादा हे वाचतील, त्यांच्या डोळ्याला त्रास होत असेल तर कुणीतरी वाचून दाखवावं.

वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मी अजून फळीवरच होतो. त्याच्या खुणा माझ्या वजनापर्यंत कुठल्या पोचायला, मी वजन सरकवलं, वाकून पुढच्या बाजूचा आकडा बघितला आणि सवयीनं मोठ्यानं पुकारला, "बासष्ट किलो दोनशे!"

आतून वहिनींचा आवाज आला, "कडता सोडून का?"

"नाय वहिनी," मी म्हणालो, "अख्खं."