बॅनरची मागची बाजू

माझी मावसबहीण दोन वर्षं आमच्या रत्नागिरीच्या घरी राहत होती. तिचं घर पूर्णगडला. मिरजोळ्याच्या वसाहतीत मासळी गोठवण्याच्या कारखान्यात तिला काम लागलं, रोजची ये-जा जमेना, तेव्हा आई म्हणाली, राहू दे इथेच. माझ्या खोलीत तिची गादी आली आणि गादीपाठोपाठ कोरियातल्या पाच पोरांचं पोस्टर आलं. ते तिने माझ्या टेबलासमोरच लावलं, कारण बाकीच्या भिंतींवर बाबांच्या मोर्च्यांचे फलक होते.

तिचे वडील जहाजावर असतात. त्यांनीच एकदा बुसान बंदरात उतरल्यावर या पोरांची सीडी आणली होती. ती वाजवायला घरात काहीच नव्हतं. ती नुसती डबी उघडून आतले फोटो बघायची आणि गाणी फोनवर ऐकायची.

मला ते पाचही जण सारखेच दिसायचे आणि मी तसं बोलूनही दाखवायचे.

"ताई, तुझे ते दाढीवाले पुढारी तरी मला कुठे वेगळे दिसतात?" ती म्हणायची. "फरक एवढाच, की हे नाचतात."

मी वाढले ती पत्रकांवर. बाबा कारखान्यांच्या गेटवर पाळी सुटताना पत्रकं वाटायचे आणि सातव्या वर्षापासून मी त्यांच्या घड्या घालायचे. मला अक्षरओळख झाली ती 'कामगार बंधू-भगिनींनो' या शब्दांनी. आमच्या घरात पत्रकाचे नियम होते. माणसाच्या हातातच द्यायचं, सायकलीच्या कॅरिअरला अडकवायचं नाही. खाली स्वतःचं नाव टाकायचं, निनावी लिहिणारा भित्रा. आणि मागची बाजू कधी कोरी सोडायची नाही. कागदाला दोन बाजू असतात आणि सांगायचं पुष्कळ असतं, असं बाबांचं म्हणणं.

ती पोरं भारतात येणार असं कळलं तेव्हा बहिणीने कारखान्यात सुट्टी मागितली. मिळणार नाही म्हटल्यावर पुन्हा मागितली. कार्यक्रम मुंबईत होता, मोठ्या मैदानात. तिच्या फॅन क्लबमधल्या मुलींनी एक बेत केला होता. एका ठरावीक गाण्याला प्रेक्षकांनी हातातले कागदी बॅनर एकदम वर करायचे आणि गाणं स्वतःच म्हणायचं. स्टेजवरच्यांना याची कल्पना द्यायची नाही. बॅनरवर बहिणीने सुचवलेला मजकूर टाकायचं ठरलं होतं, कारण तो सगळ्यांना आवडला होता. वर कोरियन, खाली मराठी: 'दमला असाल तर बसा. हे गाणं आम्ही म्हणतो.'

मला तो मजकूर गुळचट वाटला.

"छपाईचं मी बघते," मी म्हटलं. बाबांच्या ओळखीचा छापखाना होता. बहीण खुश झाली. मागच्या बाजूला सूचना टाकायच्या होत्या, कोणत्या गाण्याला कागद उचलायचा वगैरे.

"चार ओळी हां, ताई. तुझं भाषण नको गो त्यात."

"बरं," मी म्हटलं.

चार ओळी लिहिल्या आणि खाली अर्धं पान कोरं राहिलं. पाचशे कागद, पाचशे वाचणाऱ्या मुली, आणि अर्धं पान कोरं! मी लिहिलं: 'मैत्रिणींनो, या पोरांना तेराव्या-चौदाव्या वर्षी करारात बांधून घेतात. काय खायचं, वजन किती ठेवायचं, प्रेम कोणावर करायचं हे कंपनी ठरवते. ज्याला तुम्ही हसू म्हणता तो त्यांच्या कामाचा भाग आहे. टाळी वाजवण्याआधी विचारा, ही मुलं झोपतात कधी?' आणखीही होतं. खाली मी माझं नाव टाकलं नाही. तो कागद बहिणीचा आहे, त्यावर माझं नाव कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. बहिणीला मी फक्त पुढच्या बाजूचं प्रूफ दाखवलं. गठ्ठे छापखान्यातून बांधूनच आले.

मीही तिकीट काढून बहिणीबरोबर मुंबईला गेले. ते गठ्ठे मैदानाच्या गेटबाहेर दुपारी सुटले. बहिणीच्या मैत्रिणी तिथे जमल्या होत्या. पुण्याची, नागपूरची, एक तर थेट गुवाहाटीची. फोनवर चार वर्षांची ओळख, पण प्रत्यक्षात पहिलीच भेट. त्या धावत आल्या आणि तिला मिठ्या मारू लागल्या. दिवसभर गमबूट घालून कोळंबी निवडणारी, फारशी कोणाशी न बोलणारी आमची मुलगी मिठ्यांच्या मधोमध लाल होऊन उभी होती. "हीच गं ती, बसा-वाली!" कोणीतरी ओरडलं.

वाटायला मी पुढे झाले. ती कला मला येते. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, कागद हातात द्यायचा, पुढचं माणूस गाठायचं. शंभरेक कागद गेले असतील. मग पुण्याच्या मुलीने सूचना बघायला कागद उलटा केला.

तिने आधी मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं, मग बाकीच्यांसाठी हिंदीत सांगितलं. मला आठवतं, त्या क्षणी मला थोडा अभिमानही वाटला. पत्रक वाचलं जात होतं.

"हे तर अँटीचं काम आहे," गुवाहाटीची मुलगी म्हणाली. त्यांच्या जगात अँटी म्हणजे गायकांचा द्वेष करणारा, आपल्यात घुसून घाण करणारा माणूस. त्याहून मोठी शिवी नाही. "आपण हे त्यांच्या समोर धरणार होतो?"

"कोणी लिहिलं हे?" पुण्याच्या मुलीने विचारलं.

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे वळून ती म्हणाली, "मी."

मी बोलायला हवं होतं. कारखान्याच्या गेटवर पोलीस असताना, मालकाची माणसं असताना मी बोलले आहे. इथे समोर वीस-बावीस वर्षांच्या पाच-सहा मुली होत्या, गालांवर चमकी लावलेल्या, आणि मी हातातला गठ्ठा नीट लावत राहिले. आता बोललं तर जास्त गोंधळ होईल, बहिणीला आत सोडणार नाहीत, असं काहीतरी मनात आलं होतं. ही कारणं मी नंतर शोधली की तेव्हाच सुचली होती, ते आता मला सांगता येत नाही.

मुलींनी वाटलेले कागद मागून मागून परत घेतले. कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरले. तिथेच उभ्या उभ्या बहिणीला ग्रुपमधून काढलं. तिच्या हातातला फोन वाजला, तिने बघितला आणि पर्समध्ये ठेवला.

आत आम्ही शेजारी शेजारी उभ्या होतो. प्रेक्षकांच्या हातातले हजारो दिवे एकदम निळे व्हायचे, एकदम पांढरे. आवाज छातीच्या पिंजऱ्यात घुमत होता. तिने आपला दिवा लावलाच नाही. ते ठरलेलं गाणं आलं. पाचातला एक जण प्रेक्षकांकडे पाठ करून वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून दोन-तीन श्वास घेतले आणि वळला तो हसतच. आजूबाजूच्या मुली किंचाळल्या. कोणी कागद उचलला नाही. पोरांनी सबंध गाणं स्वतःच म्हटलं. बहिणीचे ओठ मात्र हलत होते. ती पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणत होती, आवाज न काढता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची एस.टी. चहाला थांबली तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"तुला वाटलं, मला ठाऊक नाय?"

"काय?"

"करार, उपाशी राहणं, सगळं. तुझ्या आधीपासून ठाऊक आहे. मी पण उभी असते ना गो दिवसभर. सुपरवायझर आला की आम्ही पण हसतो. दमलेलं माणूस मला लांबून कळतं." चहाचा कप तिने तसाच ठेवला. "पुढच्या बाजूला काय लिहिलं होतं ते तू वाचलंस तरी का?"

"मी लिहिलं ते खोटं नव्हतं," मी म्हटलं.

"खोटं कुठे म्हणतेय मी?" ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

मी आजही त्या मजकुरातला शब्द मागे घेत नाही. कोवळ्या पोरांच्या घामावर चालणाऱ्या धंद्याला धंदाच म्हणायचं, मग तो कितीही झगमगीत असो. पण तो मजकूर मी जिच्या पाठीवर छापला तिला विचारलं नव्हतं, आणि ती माझ्यासाठी पुढे झाली तेव्हा मी तिच्यामागे लपले. माझ्यापुरतं या दोन गोष्टींचं उत्तर कुठल्याच पत्रकात नाही.

घरी आल्यावर पुण्याच्या मुलीचा नंबर शोधून मी तिला लिहिलं, की ते माझं काम, बहिणीला त्यातलं काही माहीत नव्हतं. उत्तर आलं: 'आता ती तिच्या ताईला पुढे करते का?' मी पुन्हा लिहिलं, पण तो निरोप पोचलाच नाही. तिने मला ब्लॉक केलं होतं.

महिन्याभरात बहिणीने वसाहतीजवळ कारखान्यातल्या तिघींबरोबर खोली घेतली. कारखान्याला चालत जाता येतं, असं आईला सांगितलं. पोस्टर काढताना तिने भिंतीचा रंग जाऊ नये म्हणून चिकटपट्टी नखाने हळूहळू सोडवली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे, होईल."

ती माझ्याशी भांडली नाही. मी गणपतीला पूर्णगडला जाते तेव्हा ती पानात आधी मला वाढते, "ताई, भात घे अजून," म्हणते, बाबांच्या तब्येतीची चौकशी करते. पण तिथल्या तिच्या खोलीतून येणारं गाणं मला अंगणातूनच ऐकू येतं, आणि पायरीवर चप्पल काढेपर्यंत ते बंद झालेलं असतं. म्हणून हल्ली मी लगेच चप्पल काढत नाही. गाणं संपेपर्यंत अंगणातच उभी राहते.