कच्च्या झिलईवरची बोटं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. बोलायला जवळ होतं तरी कोण — पण तो बहाणा झाला. तुम्हाला सांगते. जरा आडवळणानं सांगेन, सांभाळून घ्या.

नव्वद सालाच्या आगेमागे मी धुळ्याला सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवायचे. माहेर सावद्याचं, केळीवाल्यांचं; इथे भाड्याची एक खोली आणि एक स्टोव्ह. शाळेतल्या बाकीच्या बाया आपापल्या संसाराचं बोलायच्या. मी काय बोलणार? शनिवारची अर्धी शाळा सुटली की पुढचा सगळा दिवस अंगावर यायचा.

गावाबाहेर चिनी मातीच्या कपबश्या-ताटल्यांचा एक कारखाना होता. उष्णतेचा धडा मुलांना तिथेच नेऊन शिकवावा असं मनात आलं. आधी स्वतः सगळं बघावं म्हणून कारखान्याच्या साहेबांची परवानगी काढली आणि शनिवारी जाऊ लागले. खरं सांगू? बघायचं ते दोन खेपांतच बघून झालं होतं. नंतर मी जायचे ती जमनाअक्कासाठी.

अक्का पिंपळनेरकडची. ताटल्यांना झिलई द्यायची — दुधासारख्या पातळ पाण्यात ताटली बुडवायची आणि फळीवर वाळत ठेवायची. मग भट्टीत भाजली की ती चकचकीत होते. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "तुम्ही एकल्याच ऱ्हातस का, ताई? मंग चहा पी ल्या." आणि कान तुटलेल्या कपातून चहा दिला. धुळ्यात मला असं विचारणारी तीच पहिली. आणि शेवटचीही.

भट्टीत जाण्याआधी झिलईला हात लावायचा नसतो, हे तिनंच मला बजावलं होतं. बोट लागलं की तेवढी झिलई निघते आणि भाजल्यावर तिथे खरखरीत डाग उरतो. प्रत्येक बाईची फळी ठरलेली असे. फळीवर डाग निघाला की तो त्या बाईचा.

एकदा ती पाणी आणायला गेली आणि मी तिच्या फळीवरच्या एका कच्च्या ताटलीला हात लावला. का? खडूसारखी लागते की चुन्यासारखी, हे मुलांना सांगता यावं म्हणून — असेल. पण मग एकीवर अख्खा पंजा टेकवला, दुसरीवर टेकवला, आणखी एकीवर... मजा वाटली मला! पदराला हात पुसला. तेवढ्यात भट्टीवाले येऊन फळी घेऊन गेले. अक्का परत आली तेव्हा मी साळसूदपणे स्टुलावर बसले होते.

पुढच्या शनिवारी मी वर्ग घेऊन गेले. आम्ही आत शिरतो तो साहेब उभे, हातात पंजा उमटलेली ताटली, आणि समोर अक्का. ती सांगत होती, "साहेब, हाई बोट मन्हं नही शे." तिला मी दिसले आणि तिचा चेहरा उजळला — हो, उजळला.

"ताईसले विचारा. त्यासनी देखेल शे मन्हं काम."

सगळे माझ्याकडे वळले. साहेब, बाया, माझा वर्ग. माझा हात लागला, एवढंच म्हणायचं होतं. साहेब हसले असते, फार तर मनातल्या मनात चिडले असते. शाळेतल्या बाईंना कोण काय बोलणार? पण मुलं बघत होती. मुलांसमोर माझी चूक निघणार होती — बस, इतकंच. मी म्हणाले, "मला काही कल्पना नाही." आणि पुढचं तर कुणी विचारलंही नव्हतं, तरी बोलले, "घाईघाईत होत असेल."

त्याच दिवशी अक्काला कामावरून काढलं. मी मुलांना भट्टी दाखवली, प्रश्न विचारले, उत्तरं दिली. सहल फार छान झाली असं मुख्याध्यापकही म्हणाले.

मी पुन्हा कारखान्यात गेले नाही. शनिवारी खोलीत बसून राहायचे. पिंपळनेरची एसटी आमच्या शाळेवरूनच जायची. मी एकदाही तिच्यात चढले नाही.

साहेबांनी ती ताटली शाळेला देऊन टाकली होती. निवृत्त होईपर्यंत दर वर्षी, उष्णतेचा धडा आला की मी ती वर्गात फिरवायचे. मुलं त्या डागांवर आपली बोटं ठेवून बघायची आणि विचारायची, बाई, ही बोटं कुणाची?

मी सांगायचे, कारखान्यातल्या एका बाईची. निष्काळजी होती.