‘सातडोह’ कधी येऊन राह्यला?

गेम बनवायला कोड लागतो, चित्रं लागतात, आवाज लागतात. किस्से बनवायला काहीच लागत नाही. ते जिन्यावरून आपोआप वर येतात. एक सांगून होत नाही, तोवर दुसरा दारात चपला काढत असतो!

आमचा स्टुडिओ वर्ध्याजवळच्या आंजीत, बंडूकाकांच्या कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत आहे. खाली बियाणं आणि खत, वर आम्ही तिघं. रूपाली चित्रं काढते, अक्षय कोड लिहितो आणि मी गोष्ट लिहिते. मी कॅनडात गेम डिझाइन शिकले. तिथं नोकरीही लागली होती. पण मला तलवार घेऊन राक्षसांशी लढणारी आणि ‘काऊन बे?’ असं आपल्या बोलीत विचारणारी राणी हवी होती. ती तिकडं कोणी बनवू देईना, म्हणून परत आले.

‘सातडोह’ हा आमचा गेम. सात खोल डोहांच्या काठी वसलेलं एक राज्य, त्यात राक्षस, मंत्र, घोडे, आणि खेळणाऱ्याला हवं तिथं भटकायची मोकळीक. यावर आम्हा तिघांचंही बरंच काही अवलंबून आहे. अक्षयचं तर लग्नच!

अक्षय आणि नाचणगावची पल्लवी यांचं वर्ध्याच्या कॉलेजातच ठरलं होतं. राहिले फक्त पल्लवीचे वडील, सुधाकरराव. कांदा-बटाट्याचे ठोक व्यापारी. ते म्हणाले, “पोरगा चांगला हाय. पण तो बनवते काय, हे मले दिसलं पाहिजे. गेम येऊ द्या, मंग सुपारी फोडू.”

तेव्हापासून दोन गावं आम्हाला एकच प्रश्न विचारतात. “सातडोह कधी येऊन राह्यला?”

* * *

सगळ्यात आधी बंडूकाकांना ‘ओपन वर्ल्ड’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. घरमालकच ते!

मी म्हटलं, “काका, यात ठरलेला रस्ता नसतो. डोंगरावर जा, जंगलात जा, दिवसभर नुसते नदीकाठी बसा.”

“कुटंबी जाता येते?”

“कुठंही.”

“आन परत आल्यावर कोणी इचारत नाई, कुटं गेलता म्हणून?”

“नाही विचारत.”

काकांनी खाली दुकानात बसलेल्या काकूंकडं एक नजर टाकली आणि आवाज बारीक करून म्हणाले, “एक माह्यासाठी ठेवजो.”

* * *

ट्रेलर तयार झाला. इंटरनेटवर टाकण्याआधी तो आपल्या गावानं पाहावा, असा माझा हट्ट. गणपतीच्या मंडपात पडदा लावला. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि लोक सतरंज्यांवर ऐसपैस बसले.

ट्रेलर मिनिटभराचा. धुक्यातून डोह दिसतो, राणी तलवार उपसते, राक्षस डोळे उघडतो, अंधार होतो आणि अक्षरं येतात : ‘लवकरच’.

टाळ्या पडल्या. मला भरून आलं. पण कोणी उठेना! पाच मिनिटं झाली, दहा झाली, सगळे काळ्या पडद्याकडं बघत बसलेले. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका आजीनं मला हाक मारली.

“बाई, लवकरच म्हणजे बसून राहू, का घरी भाजी टाकून येऊ?”

* * *

राक्षसाच्या आवाजासाठी आम्ही वानखडेकाकांना बोलावलं. काकांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. आवाज असा, की अजूनही चौकात बोलले तर पानठेल्यावरचे लोक वळून बघतात.

पण माइक समोर आल्यावर काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. “माझ्या राज्यातून कोणीही जिवंत परत जात नाही,” हे वाक्य ते सत्यनारायणाचं आमंत्रण दिल्यासारखं म्हणू लागले.

“काका, थोडं रागानं.”

“कोणावर रागावू? समोर तं कोणीच नाई!”

रूपालीला युक्ती सुचली. ती म्हणाली, “काका, समजा समुद्रपूरची गाडी हाय. बाजाराचा दिवस हाय. गाडी खच्चून भरली, आन एक जण दारातून हालून नाई राह्यला.”

काकांनी डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला.

“ए! सरक मांगं!”

आम्ही तिघंही मागं सरकलो. बंडूकाकांकडं खत घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईकसुद्धा खाली दोन पावलं मागं सरकलं, असं नंतर कळलं!

आमचा राक्षस आता तेवढंच म्हणतो. पुढचं म्हणायची गरजच पडत नाही.

* * *

पहिली चाचणी रामभाऊंवर केली. त्यांची वांग्याची आणि टमाटरची वाडी गावालगतच आहे. रिमोट हातात देऊन सांगितलं, “रामभाऊ, राक्षसांचं सैन्य येईल. गाव वाचवायचं.”

गेममधल्या गावाच्या शेतातून सैन्य आलं. काळं चिलखत, लाल डोळे, हातात भाले. रूपालीनं त्यावर कितीतरी महिने घातले होते. रामभाऊ ताडकन उठून उभे राहिले. अक्षय माझ्या कानात पुटपुटला, “घाबरले!”

रामभाऊ ओरडले, “अरे, वांग्यातून काऊन चालून राह्यले? बांध नाई का तुमाले?”

“रामभाऊ, ते राक्षस आहेत.”

“असतीन! गाव लुटा ना. वांग्यानं काय केलं तुमचं?”

त्यांनी रिमोट खाली ठेवला. पीक तुडवणाऱ्यांचा गेम आपण खेळणार नाही म्हणाले. दोन दिवसांत अख्ख्या गावात तेच बोललं जाऊ लागलं, तेव्हा आम्ही गेम बदलला. आता आमचं राक्षसांचं सैन्य शिस्तीत, एकामागं एक, बांधावरून चालतं.

अक्षयची तक्रार वेगळीच आहे. “आता त्यांले मारणं लय सोपं झालं ना बे!”

* * *

गेम बाजारात आणायला एक मोठी कंपनी तयार झाली. व्हिडिओ कॉलवर एक साहेब आले. फार सभ्य माणूस. सगळं आवडलं म्हणाले, फक्त एक सूचना होती.

“गावकरी असे बोलतात ते गोड वाटतं. पण राणीनं तरी शुद्ध बोलायला हवं, नाही का?”

मी भाषणाच्या तयारीतच होते. आपली बोली, आपला मान, आपली माणसं, सगळं ओठांवर आलेलं. तेवढ्यात रूपाली शांतपणे म्हणाली,

“सर, ती राणी आहे. तिला दुरुस्त करणार कोण?”

साहेब हसले. राणी वाचली. माझं भाषण अजून शिल्लक आहे, आणि ते कुठंतरी मी करणारच!

* * *

या काळात पल्लवी आणि अक्षय यांचं प्रेम कसं चाललं होतं, तेही सांगते. गेमची अर्धीमुर्धी प्रत तिच्या लॅपटॉपवर होती. ती कॉलेजात शिकवून आली की चाचणीला बसायची. सुधाकररावांनी मात्र तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. “अर्धवट माल मी पाहत नसतो,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

एका दुपारी अक्षयचा फोन वाजला. मेसेज वाचून तो असा काही लाजला, की रूपालीनं फोन हिसकावला. मोठ्यानं वाचलं :

“तुमचा घोडा विहिरीत फसला हाय. लवकर या.”

“यात लाजण्यासारखं काय आहे?” मी विचारलं.

“‘लवकर या’ म्हणाली ना!” अक्षय म्हणाला.

* * *

आणि आता नाचणगावच्या पाहुण्यांचा किस्सा.

गेमची तारीख आम्ही पुढं ढकलली. घोडे विहिरीत पडत होते, इलाज नव्हता. मग दुसऱ्यांदा ढकलली. पल्लवीचा फोन आला, की बाबांनी हिंगणघाटच्या एका बँकेतल्या मुलाला मुलगी बघायला ‘या’ म्हटलंय, आणि त्याआधी ते स्वतः आंजीला येऊन तुम्हाला नकार सांगणार आहेत. निरोपानं नकार कळवणं त्यांना पटत नाही.

सुधाकरराव आले. अक्षयच्या घरी समोरच्या खोलीत आम्हा तिघांच्या पुढ्यात बसले. अक्षयच्या आईनं पाणी दिलं, ते घेतलं. चहा आणला, तेव्हा त्यांनी कपावर हात आडवा धरला.

“चहा नको. बोलतो आन निंगतो.”

सोयरिकीच्या घरी पाहुण्यानं चहा नाकारला, की आमच्याकडं पुढचं बोलायची गरज राहत नाही. अक्षयची आई कप घेऊन आत गेली. अक्षय भिंतीकडं बघत राहिला.

मला राहवलं नाही. “काका, नाही म्हणायचं तर म्हणा. पण पहिला डोह आता पूर्ण झालाय. अर्धवट माल नाही. एकदा पाहा, मग म्हणा.”

पूर्ण माल म्हटल्यावर व्यापाऱ्याला नाही म्हणता येईना. टीव्हीला गेम जोडला. “दोन मिनिटं,” म्हणत सुधाकररावांनी रिमोट घेतला.

डोहाला पूर आलेला. पलीकडं जायला एकच नाव आणि ती काठावरच्या झोपडीतल्या म्हातारीची. म्हातारी दारात आली. तिला आवाज अक्षयच्या आईचा आहे.

“या पाहुणे. बसा, चहा घ्या.”

पडद्यावर दोन बटणं : ‘हो’ आणि ‘नाही’. सुधाकररावांनी ‘नाही’ दाबलं.

“मंग नाव नाई,” म्हातारी म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

हा सातडोहाचा कायदाच आहे. जो चहा नाकारतो, त्याला तिथं कोणी मदत करत नाही. पण हे त्यांना सांगायची हिंमत कोणाची होणार?

त्यांनी पोहून जायचं ठरवलं. वाहून गेले. पुन्हा दारात आले. “बसा, चहा घ्या.” पुन्हा ‘नाही’. पुन्हा दार बंद. मग दारावर तलवार मारून पाहिली. छपरावर चढून पाहिलं. नाव स्वतःच सोडायला गेले, तर गाठ सुटेना.

“काय बाई हाय ही!” ते म्हणाले.

आतल्या दारात अक्षयची आई उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

पुन्हा दार उघडलं. “या पाहुणे. बसा, चहा घ्या.” सुधाकरराव बराच वेळ त्या दोन बटणांकडं बघत राहिले. मग अंगठा हलला. हो.

म्हातारीनं चूल फुंकली. चहा ओतला. नाव सुटली. पुरातून हेलकावे खात पलीकडं लागली आणि धुकं हळूहळू बाजूला झालं. समोर सगळं राज्य पसरलेलं. डोंगर, सहा डोह, लांब एक झुलता पूल, आणि पुलावर लाल डोळ्यांचा पहारा. सुधाकरराव खुर्चीत पुढं सरकले. दोन मिनिटं केव्हाच उलटली होती.

पडद्यावरची नजर न हलवता त्यांनी आतल्या दाराकडं आवाज दिला.

“विहीणबाई, तो चहा गरम करून आणा. आन मले कोणी बोलू नका, समोर पूल हाय!”