व्हरांड्यातलं बटन

विजेचं चालू बटन दिसावं आणि आमच्या सरांनी ते बंद करू नये, असं बुलडाणा जिल्ह्यात तरी कधी घडलं नसेल. सर क्षयरोगावर संशोधन करायचे आणि आमच्यासारख्या नुकत्याच पदवी घेऊन आलेल्या पोरापोरींना त्या कामात तयार करायचे; पण ही दोन्ही कामं ते बटनं बंद करून उरलेल्या वेळात करत असावेत, असं आम्हाला वाटे. बँक असो, रसवंती असो, कुणाचं घर असो, आत शिरले की हात भिंतीकडे. माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला मेहकरला आले, तेव्हा "भरदिवसा दिवे काऊन जाळून राह्यले?" म्हणत त्यांनी बोर्डावरून एकदाच हात फिरवला. दिवे गेले, पंखे गेले आणि बुद्धवंदना चालू होती, तिचा माइकही गेला. नवरदेवाच्या मामांनी मला विचारलं, हे गृहस्थ कोण? मी म्हटलं, मांडववाल्याचा माणूस असेल.

त्यांची शिकवण्याची तऱ्हाही अशीच मान खाली घालायला लावणारी. पहिल्याच दिवशी नव्या माणसाच्या हातात एक डबी द्यायची, अंगणातल्या कडुनिंबाखाली उभं करायचं आणि छातीतून खोल खोकून स्वतःचा बेडका काढायला लावायचं. तपासणीला तोंडातली लाळ चालत नाही, बेडकाच लागतो. आणि जे मागायला लोकांच्या दारात जायचं, ते आधी आपण चारचौघांत देऊन बघावं, असं त्यांचं म्हणणं. आमचं केंद्र मोताळ्याच्या रस्त्याला, आणि त्या दिवशी नेमका बाजार. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांसमोर मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकलो. सरांनी डबी उजेडाकडे धरली. "लाळ आहे बे. वापस." खुद्द जिल्हाधिकारी येऊन खोकले असते आणि लाळ निघाली असती, तरी सरांनी ती वापस केली असती.

औषध सुरू होण्याआधीचे रुग्णांचे बेडके आम्ही गावोगाव फिरून जमवले होते. काहींना औषध उशिरा का लागू पडतं, ते त्यातून शोधायचं होतं. ते सगळे डीप फ्रीजरमध्ये. एका शनिवारी त्या फ्रीजरचं बटन जळालं, म्हणून तो तात्पुरता व्हरांड्यातल्या बोर्डावर जोडला. संध्याकाळी सर घरी निघाले आणि जाता जाता, जन्माच्या सवयीनं, त्यांचा हात भिंतीकडे गेला. सोमवारी दार उघडलं तर लादीवर पाणी. काय झालं ते सगळ्यांना कळलं. सर बोर्डासमोर उभे होते आणि त्यांची मान वर होत नव्हती. शेवटी मी म्हटलं की लाईन गेली होती असं सांगू, आपल्याकडे त्यावर कोण शंका घेणार? बाकीच्यांनाही ते पटलं. सरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मला पुन्हा त्या कडुनिंबाखाली उभं असल्यासारखं झालं. त्यांनी आपली चूक वर लेखी कळवली आणि मग ज्याचा बेडका, त्याच्या दारी जायला सुरुवात केली.

वरवट बकालला मी त्यांच्यासोबत होतो. तिथल्या मावशी औषध पुरं करून ठणठणीत झालेल्या, अंगणात तूर पाखडत बसलेल्या. सर बाजेवर बसलेच नाहीत.

"बाई, तुमचा नमुना माह्या हातानं खराब झाला. लाईन गेली नव्हती. म्याच बटन बंद केलं."

मावशींच्या हातातलं सूप थांबलं. "म्हंजे माही बिमारी वापस आली का?"

"नाही, नाही. तुमी चांगल्या आहा."

"मंग?"

"मंग काही नाही. माफी मांगाले आलो."

पांढऱ्या केसांचा माणूस आपल्या दारात असा उभा राहिलेला मावशींना बघवेना. त्या उठल्या, माझ्याजवळून एक डबी मागून घेतली आणि परसात गेल्या. बऱ्या झालेल्या बाईच्या छातीत कुठला आलाय बेडका? तरी त्या खोकत राहिल्या, खाकरत राहिल्या, आणि आम्ही दोघं इकडे जमिनीकडे बघत ते ऐकत राहिलो. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नाही. शेवटी त्या घामाघूम होऊन डबी घेऊन आल्या.

"इतकंच निंघालं, सर. चालते का?"

सरांनी सवयीनं डबी उजेडाकडे धरली. नुसती लाळ होती. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली.

"चालते, बाई."

ती डबी अजून आमच्या फ्रीजरमध्ये आहे. आता नव्या पोरांना मी शिकवतो. कडुनिंबाखाली उभं करतो, लाळ वापस करतो. मग ती विचारतात की ही कुणाची लाळ तुम्ही जपून ठेवलीय, आणि मी त्यांना सरांची गोष्ट सांगतो. निवृत्त झाल्यापासून सर ओसरीवर बसून असतात. डोक्यावरचा दिवा भरदुपारी जळत असतो. परवा गेलो तेव्हा न राहवून म्हटलं, सर, बंद करू का? त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे.

"कर," ते म्हणाले. "पण पाहून घेजो बे, कशाचं बटन आहे ते."