अर्जाला सोबत

देवावर विश्वास न ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. पण टपालपेटीवर विश्वास न ठेवणारा माणूस साऱ्या अमरावतीत एकच होता, माझे भाऊजी. ही गोष्ट मात्र ते भाऊजी होण्याआधीची. ते मॅट्रिक झालेले, टायपिंग शिकलेले आणि अक्काला मनातून पसंत असलेले, पण बाबांनी बजावले होते, "दिवाळीच्या आत नोकरी लागली तर लगीन. नाही तर मागणी घालून तिवशाचं पाव्हनं वाट पाहूनच राह्यलं." तेव्हापासून अक्काला घास गोड लागेना आणि भाऊजींचा अर्ज लांबत चालला. शिक्षणाखाली 'पोहता येते' आले, त्याखाली 'विडी ओढत नाही' आले. ओळखीच्या प्रतिष्ठितांत तर त्यांनी बाबांचेच नाव घातले. बाबा भडकले, "काहून रे, जावई म्हणून मीच तुले अजून पसंत केलं नाही, अन् साहेबाले कसं सांगू पोरगा चांगला म्हणून?"

"सांगा ना मामाजी! एका सहीत दोन्ही कामं होतात."

अर्ज टाकला की पोस्टमन पेटी उघडेपर्यंत ते तिथून हलत नसत. पेटीत अर्ज अडकला तर? अकोल्याच्या एका कचेरीत जागा निघाली तेव्हा त्यांनी सायकलने बडनेरा गाठले, मेलच्या टपालडब्यात अर्ज टाकला आणि त्याच गाडीत स्वतःही बसले. दुसऱ्या दिवशी त्यांना कचेरीच्या फाटकाशी घामाघूम उभे राहिलेले पाहून बडेबाबूंनी विचारले, "काय पाह्यजे?"

"काही नाही जी. माहा अर्ज येऊन राह्यला, त्याले सोबत म्हणून आलो."

"मंग हातातच आणायचा ना भाऊ!"

"जाहिरातीत टपालानंच पाठवा म्हणलं होतं जी."

मुलाखतीत साहेबांनी विचारले, कारकुनाला पोहायचे काय काम? भाऊजी म्हणाले, "मोर्णा नदीले पूर आला तरी ड्युटीवर येईन जी." जागा त्यांनाच मिळाली. तिवशाच्या पाहुण्यांना बाबांनी नकार कळवला. ते पत्रही भाऊजींनीच टाकले, आणि पेटीपाशी उभे राहिले.

गेल्या महिन्यात भाऊजी गेले. तेरवीची पत्रे टाकायला अक्काने मला पाठवले. पत्रे टाकून मी वळलो, दोन पावले गेलो आणि परत आलो. पुष्कळ वेळाने पोस्टमन आला. "कोनाची वाट पाहून राह्यले गुरुजी?" त्याने पेटी उघडून पत्रे झोळीत भरली, तेव्हा मी घरी आलो. अक्का दारातच बसली होती. तिने एवढेच विचारले, "पेटी उघडेपर्यंत थांबला होता ना रे?"