नांद्रुकाचा घेर

आमच्या भागातली देशी झाडं आम्ही काही शेजारी मिळून नकाशावर नोंदवतो. वर्षातून एकदा छातीच्या उंचीवर खोडाला टेप लावायचा आणि घेर फोनवर भरायचा. कोपऱ्यावरचं नांद्रुकाचं झाड रस्त्यासाठी तोडलं, त्याला तीन वर्षं झाली. परवा नकाशावरचा त्याचा हिरवा ठिपका उघडला, तर नोंदी चालूच होत्या. दरवर्षी घेर थोडा वाढलेला आणि खाली नाव लीलाताईंचं. ते झाड पहिल्यापासून त्याच मोजायच्या. मला रागच आला. अशा खोट्या नोंदींनी सगळा नकाशा नासतो.

सकाळी गेले, तर ताई कोपऱ्यावर रिकाम्या जागेभोवती हळूहळू फिरत होत्या. सालीवरून फिरवावा तसा हात हवेतून फिरत होता.

"बरं झालं आलीस. एकटीच्या हातांत मावत नाही गं आता. टेपचं हे टोक धर."

झाड नाहीये, ताई, असं म्हणणार होते. पण टोक धरलं. मोजणं म्हणजे तरी काय, आधी मिठी मारायची आणि मग आकडा सांगायचा.

ताई वळसा घालून परत आल्या. हवेत धरलेला टेप मध्ये लोंबायला हवा होता. तो लोंबला नाही. गोल, ताठ उभा राहिला आणि माझ्या बोटांना गार लागलं.

"किती?" ताईंनी विचारलं.

गेल्या वर्षीपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त.

यंदाच्या नोंदीखाली माझं नाव आहे.